किरकोळ दुरुस्ती

केतकी वालावलकरला वाकडं बघवत नसे. दवाखान्यात नंबर येईपर्यंत ती भिंतीवरच्या तक्त्यातल्या ऱ्हस्वदीर्घाच्या चुका मोजत बसे, आणि कोणाच्या लग्नाला गेली तर टेबलावरच्या आहेराच्या पेट्या नकळत एका रेषेत लावून ठेवी. "देवाने मला मुलगी म्हणून फूटपट्टी दिलीय," असं तिची आई चारचौघांत सांगायची, आणि सांगताना आवाजात तक्रारीपेक्षा कौतुकच जास्त असायचं. अशा बाईच्या हाती 'तटबंदी'ची माहितीपुस्तिका नीट करायचं काम आलं, तेव्हा तिला ते काम वाटलंच नाही.

'तटबंदी' ही फायरवॉल होती, कोल्हापुरातल्या चाळीसेक माणसांच्या एका कंपनीने बनवलेली. यंत्रायंत्रांमध्ये माहितीची लहान लहान पुडकी सतत ये-जा करत असतात. त्यातलं कोणतं आत सोडायचं आणि कोणतं वेशीवरच अडवायचं, हे ठरवणारा पहारा म्हणजे फायरवॉल. लहान नगरपालिका, तालुक्यातले दवाखाने, पाणीपुरवठ्याची केंद्रं अशा तीनशे ठिकाणी हा पहारा बसला होता. त्याला हुकूम द्यायचे ते लिहून, आणि तेही मराठीत: --अडवा, --सोडा, --वगळून. असे दोनशे बारा पर्याय होते आणि पुस्तिकेत प्रत्येकाची एक नोंद होती.

या नोंदी बारा वर्षांत सात जणांनी सात तऱ्हांनी लिहिल्या होत्या. संकेत खरं तर साधा. ठळक अक्षरातला शब्द जसाच्या तसा टाइप करायचा. तिरप्या अक्षरातल्या शब्दाच्या जागी आपला शब्द घालायचा. चौकटी कंसात असेल ते दिलं तरी चालतं, नाही दिलं तरी चालतं. आणि शेवटी तीन टिंबं असली, तर तिथे एकामागून एक कितीही नावं देता येतात. पण कोणी ठळक करायला विसरलं होतं, कोणी चौकटी कंसांऐवजी गोल कंस टाकले होते, आणि एकाने तर सगळंच तिरपं करून ठेवलं होतं.

माणसं वाचत होती तोवर हे खपून गेलं. माणूस अडला की शेजारच्याला विचारतो. पण गेल्या चार वर्षांत पुस्तिका माणसं वाचेनाशी झाली होती. ती आता द्वारपाल वाचत असे.

द्वारपाल हा एक वाचणारा प्रोग्राम. "पंपघराला बाहेरच्या कोणी शिवता कामा नये, ही तीन यंत्रं सोडून," असं त्याला साध्या बोलीत सांगितलं की तो पुस्तिका वाचायचा, नेमका हुकूम स्वतः लिहायचा आणि स्वतःच लागू करायचा. पुस्तिकेत काही बदललं, तर दहा मिनिटांच्या आत तो ती पुन्हा वाचून सगळे हुकूम नव्याने मांडायचा. जुने पुसले जायचे. त्याला एक शिस्त मात्र घालून दिली होती. प्रत्येक हुकमापुढे आपल्याला किती खात्री आहे, याचा शंभरपैकी आकडा त्याने मांडायचा, आणि तो नव्वदच्या खाली गेला की थांबून माणसाला विचारायचं. त्या वेड्यावाकड्या पुस्तिकेपायी तो दिवसाला चारशे वेळा थांबायचा. ग्राहक वैतागले. मग कंपनीचे प्रमुख मंदार बिडकर यांनी केतकीला बोलावून सांगितलं, "सगळ्या नोंदी एका साच्यात बसव. त्याला अडखळायला जागाच ठेवू नकोस."

पाच महिन्यांत तिने ते केलं. द्वारपालाचे प्रश्न चारशेवरून नवावर आले. वर्धापनदिनी तिला मानचिन्ह मिळालं आणि आईने ते काचेच्या कपाटात, पाहुण्यांना सोफ्यावरून दिसेल असं ठेवलं.

त्या दोनशे बारांमधली --वगळूनची नोंद, म्हणजे कोणत्या यंत्राचा पत्ता अडवणुकीतून वगळायचा ते सांगणारी, सदानंद हुदलीकरांनी लिहिलेली होती. हुदलीकर सरांनीच 'तटबंदी' पहिल्यांदा उभी केली, केतकीला नोकरीवर घेतलं ते त्यांनीच, आणि दीड वर्षापूर्वी निवृत्त होऊन ते गडहिंग्लजला राहायला गेले होते. निरोपाच्या कार्यक्रमात ते सगळ्यांसमोर हसत म्हणाले होते, "केतकीला काय लिहायचं ते विचारू नका, कसं लिहायचं ते विचारा." लोक खूप हसले. केतकीही हसली. पण ते वाक्य तिला लागलं ते लागलंच.

सरांच्या नोंदीत अक्षर तिरपं नव्हतं, टिंबं नव्हती, आणि खाली एक अख्खं वाक्य होतं: "एका हुकमात एकच पत्ता द्यावा हं. जास्त दिलेत तर शेवटचा तेवढा राहतो, आधीचे गपचूप गळतात." माहितीपुस्तिकेत 'हं'! यादी घेणाऱ्या बाकी सगळ्या पर्यायांपुढे तीन टिंबं होती. हेही कधी काळचं दुखणं असेल, आता दुरुस्त झालं असेल, असं ती धरून चालली. एक फोन केला असता तर कळलं असतं. तिने फोन हातात घेतलाही होता. मग सरांचं ते हसणं आठवलं आणि तिने तो खाली ठेवला. पत्ता तिरपा केला, पुढे तीन टिंबं टाकली आणि साच्यात बसत नाही म्हणून वाक्य काढून टाकलं.

पुस्तिका निघाल्यावर महिन्याभराने सरांची दोन ओळींची मेल आली. "--वगळूनखालचं वाक्य दिसत नाही. प्रोग्राम बदललात का?" या वयातही यांना लुडबूड सोडवत नाही, असं म्हणून केतकीने ती तशीच ठेवली.

आंबेसरची बातमी गुरुवारी सकाळी आली. आंबेसर हे कोल्हापूरहून बसने दोन तासांवरचं, पंधरा हजार वस्तीचं गाव. मंगळवारपासून तिथे जुलाब-उलट्यांची साथ सुरू झाली होती. दोनशे साठ जण दवाखान्यात होते आणि शालन पोतदार नावाची एकोणतीस वर्षांची बाई गेली होती. नळाच्या पाण्यात क्लोरीनच नव्हतं. औषध सोडणाऱ्या पंपाची नळी खडे धरून तुंबली होती. असं अधूनमधून होतंच. अशा वेळी क्लोरीन मोजणारं मीटर पंपघरातल्या बोर्डावर इशारा पाठवतं आणि ऑपरेटर नळी साफ करतो. या वेळी इशारा दिला गेला नाही, की कोणी पाहिला नाही, ते कळत नव्हतं.

"आंबेसर आपलं गिऱ्हाईक आहे ना गं?" शेजारच्या टेबलावरच्या मुलीने विचारलं.

केतकी तोवर पुस्तिका उघडत होती. नवी पुस्तिका टप्प्याटप्प्याने एकेका ठिकाणी जात होती; आंबेसरच्या पंपघरात ती सगळ्यांत शेवटी, आठ दिवसांपूर्वीच पोहोचली होती. पंपघराच्या पहाऱ्यातून वगळायची यंत्रं तीन: मीटर, औषधाचा पंप, ऑपरेटरचा बोर्ड. जुनी पुस्तिका वाचून द्वारपाल अडखळला असता, त्याने विचारलं असतं, कोणीतरी त्याला तीन वेगळे हुकूम लिहून दिले असते. नवी पुस्तिका सांगत होती की एकाच हुकमात कितीही नावं द्या. त्याने तिन्ही दिली. शेवटचा, बोर्डाचा पत्ता तेवढा राहिला. मीटर वेशीबाहेर ओरडत बसलं.

हे सगळं तिला विचार करून कळलं नाही. पान उघडलं, ती तीन टिंबं दिसली आणि कळलं.

तिने सगळ्यांत आधी टिंबं काढली. सरांचं वाक्य होतं तसं परत घातलं, 'हं' वगळून. पान प्रसिद्ध करण्याआधी चौकट विचारत होती, बदलाचं कारण? केतकीची बोटं तिथे क्षणभर थांबली. मग तिने टाइप केलं: किरकोळ स्वरूपनदुरुस्ती. म्हणजे नुसती अक्षरा-कंसांची डागडुजी.

सात मिनिटांत तीनशे ठिकाणच्या द्वारपालांनी ते पान वाचलं आणि आपापले हुकूम बदलले. आणखी कुठे काही होण्याआधी आपण ते थांबवलं, असं तिने स्वतःला सांगितलं, आणि ते खोटं नव्हतं. खोटे होते ते कारणाच्या चौकटीतले दोन शब्द.

रविवारी दुपारी आई टीव्हीसमोर भाजी निवडत बसली होती. पडद्यावर पंपघराच्या फाटकाशी जमाव होता आणि मध्ये पोपटी साडीतली, चाळिशी ओलांडलेली एक बाई. उज्ज्वला खरात. नवरा पालिकेत वायरमन होता, तो कामावर असताना गेला, त्याच्या जागी तिला पंपघरात ऑपरेटर म्हणून घेतलं होतं. तिला निलंबित केल्याचं निवेदक सांगत होता.

"मी बोर्ड सोडून हललेली न्हाई," ती म्हणत होती. "दिवा हिरवा हुता. तिन्ही दिवस हिरवाच हुता."

"मग आता कसा लाल होतोय?" गर्दीतून कोणीतरी ओरडलं.

कारण चौकशी समितीने शुक्रवारी तिथे जाऊन चाचणी घेतली होती. मीटर पाण्याबाहेर काढलं आणि मिनिटाच्या आत बोर्डावर लाल दिवा लागला, भोंगा वाजला. इशाऱ्याची यंत्रणा निर्दोष आहे, असं समितीने लिहून टाकलं. बोर्ड जुना होता; माहिती येणं बंद झालं तर तो शेवटचा आकडा तसाच दाखवत राही, हे कोणाच्या लक्षात आलं नव्हतं.

"मोबाइल बघत बसली असेल," आई म्हणाली. "आणि वर तोंड करून खोटं बोलते बघ. लाज कशी वाटत नाही बाई."

केतकी उठून मोरीत गेली आणि नळ सोडून उभी राहिली. गुरुवारी तिने पान दुरुस्त केलं नसतं, तर शुक्रवारी दिवा हिरवाच राहिला असता, आणि त्या बाईचं म्हणणं सगळ्या समितीने डोळ्यांनी पाहिलं असतं. दुरुस्ती करणं भागच होतं. पण ती कशाची दुरुस्ती आहे हे सांगणंही भाग होतं, आणि ते तिने सांगितलं नव्हतं. उज्ज्वला खरातला खोटं पाडलं होतं ते केतकीच्या त्या दोन शब्दांनी.

सोमवारी ऑफिसात कोणी यायच्या आधी तिने सुट्या यंत्रावर द्वारपाल चालू केला. आधी त्याला सरांची जुनी, वेडीवाकडी नोंद वाचायला दिली, मुद्दाम ते समजावणीचं वाक्य काढून. म्हणजे चूक तीच, फक्त रूप जुनं. तीन पत्ते वगळायला सांगितले. द्वारपालाने लिहिलं: खात्री एकसष्ट. कृपया माणसाने तपासावे.

मग तिची, नीटनेटकी नोंद दिली. खात्री नव्याण्णव.

तिला राहवलं नाही. तिने अस्तित्वातच नसलेला एक पर्याय रचला, --उलटेसुलटे, आणि त्याचं एक शुद्ध थोतांड वर्णन साच्यात बसवून लिहिलं. ठळक तिथे ठळक, तिरपं तिथे तिरपं. खात्री अठ्ठ्याण्णव.

द्वारपाल शिकला होता तो कोट्यवधी पानं वाचून. त्या पानांत त्याला दिसलं होतं की जे पान एकसारखं असतं, ते बहुधा कोणीतरी काळजीने तपासलेलं असतं. जे विस्कटलेलं असतं, त्यात चुका असतात. ही समजूत त्याच्यात कोणी घातली नव्हती. माणसांच्या लिहिण्यातून त्याने ती आपली आपण उचलली होती. आणि माणसांच्या बाबतीत ती पुष्कळदा खरीही असते. केतकीने पाच महिने खपून पुस्तिकेतला गबाळेपणा काढला होता. तिला वाटलं होतं आपण शंका दूर केल्या. तिने फक्त शंका घ्यायची द्वारपालाची सवय काढून घेतली होती. शंकेचं कारण होतं तिथेच राहिलं.

तिने बिडकरांना बोलावून सगळं दाखवलं. त्यांनी पडद्यावरचे तिन्ही आकडे पुन्हा वाचले.

"पान आता बरोबर आहे?"

"हो."

"तीनशेच्या तीनशे ठिकाणी?"

"हो."

"मग आता बोलून कोणाचं भलं होणार आहे, केतकी? गेलेली बाई परत येणार नाही. चाळीस घरं चालतात या कंपनीवर."

"त्या उज्ज्वला खरात..."

"त्यांचं बघू. निलंबन काय, सहा महिन्यांत उठतं. आपण द्वारपालाची ही खोड आतल्या आत दुरुस्त करू." ते उठले, तिच्या खांद्यावर हात ठेवल्यासारखं केलं आणि मध्येच मागे घेतला. "तू मनाला लावून घेऊ नकोस."

केतकीला पुढे कितीतरी दिवस ज्याची सर्वांत जास्त लाज वाटत राहिली, ते नेमकं त्या क्षणी झालं. तिला हायसं वाटलं. कोणीतरी मोठ्या माणसाने गप्प राहा म्हणून सांगितलं, आता आपल्याला गप्प राहता येईल, असं वाटून तिचा श्वास मोकळा झाला.

ती तीन आठवडे गप्प राहिली. घरी मानचिन्हाकडे पाठ होईल अशा खुर्चीत बसू लागली. एकदा आईने शेजारच्या बाईंना ते काढून दाखवलं, तेव्हा केतकी तिच्यावर एवढी ओरडली की शेजारीण चहा अर्धा टाकून निघून गेली. रात्रीच्या जेवणाला आईने केतकीला आवडते म्हणून अळूची भाजी केली, आणि ते केतकीला ओरडण्यापेक्षा जास्त लागलं.

चौथ्या आठवड्यात समितीचं पत्र आलं. आंबेसरला शेवटची सुनावणी होती आणि पुस्तिका बरोबर असल्याचं सांगायला कंपनीचा माणूस हवा होता.

"तूच जा," बिडकर म्हणाले. "पुस्तिका तुझी आहे. विचारतील, पुस्तिका बरोबर आहे का. हो म्हणायचं. आणि ते खरंच आहे की नाही?"

आदल्या रविवारी ती गडहिंग्लजला गेली. हुदलीकर सर अंगणात स्टुलावर बसून जुना मिक्सर उघडून बसले होते. तिला बघून त्यांना आश्चर्य वाटलं नाही. "बस," म्हणाले आणि स्क्रूची वाटी बाजूला सरकवली.

तिने सगळं सांगितलं. फोन हातात घेऊन खाली ठेवला होता, तेही. मेलला उत्तर दिलं नव्हतं, तेही. सांगताना ती त्यांच्याकडे न बघता मिक्सरच्या उघड्या पोटातल्या तारांकडे बघत होती.

"आंबेसर ऐकलं तेव्हाच मला वाटलं होतं," सर म्हणाले. "मी पुस्तिका काढून बघितली. वाक्य जागेवर होतं. म्हटलं, चला, माझ्या मेलनंतर परत घातलेलं दिसतंय, मग ते नव्हे. झोपलो सुखाने." त्यांनी चष्मा काढला. "म्हणजे तू मलाही फसवलंस."

"हो सर."

"आता माझं ऐक. तो पर्याय शेवटचाच पत्ता धरतो, हे मला दहा वर्षं ठाऊक होतं. दोन दिवसांचं काम होतं ते दुरुस्त करायचं. मी केलं नाही. म्हटलं, लिहून ठेवू खाली एक ओळ. भोक तसंच ठेवलं आणि त्याला पाटी लावली. तू पाटी काढलीस." त्यांनी स्क्रूची वाटी पुन्हा जवळ ओढली. "आणि त्या निरोपाच्या दिवशी मी जे बोललो, ते बोलायला नको होतं. टाळ्या मिळाल्या म्हणून बरं वाटलं होतं मला."

"सर, तुम्ही असं म्हणू नका. मला ते जास्त जड जातं."

"जाऊ दे की जड," सर म्हणाले. "उद्या मीही येऊ का?"

केतकीने मान हलवली. नको.

सुनावणी आंबेसरच्या शाळेच्या सभागृहात होती. मुलांच्या बाकांवर गावकरी बसले होते. समितीच्या अध्यक्ष, पांढऱ्या केसांच्या एक निवृत्त अभियंता बाई, कागद चाळत होत्या. उज्ज्वला खरात भिंतीलगतच्या खुर्चीवर एकटी होती. तिच्या दोन्ही बाजूंच्या खुर्च्या रिकाम्या होत्या.

"कंपनीतर्फे कोण? वालावलकर. पुस्तिका तुम्ही पाहता. पुस्तिका बरोबर आहे?"

"आज बरोबर आहे," केतकी म्हणाली. "त्या आठवड्यात नव्हती."

अध्यक्षांनी मान वर केली.

"ती मी चुकवली होती. आणि गुरुवारी सकाळी, तुम्ही चाचणी घेण्याच्या आदल्या दिवशी, मीच ती गुपचूप दुरुस्त केली. म्हणून तुमच्यासमोर दिवा लाल झाला. त्या तीन दिवसांत तो हिरवाच होता. उज्ज्वलाताई खरं बोलत होत्या." तिने दोन्ही वेळच्या पानांच्या प्रती टेबलावर ठेवल्या आणि बदलाच्या कारणाच्या रकान्याचीही प्रत ठेवली.

अध्यक्षांनी तो रकाना मोठ्याने वाचला. "किरकोळ स्वरूपनदुरुस्ती." चष्म्यावरून त्यांनी केतकीकडे पाहिलं. "हे शब्द तुमचे?"

"माझे."

"एक बाई गेली होती तोपर्यंत."

"हो. मला माहीत होतं."

मागच्या बाकांवर कुजबुज उठली. कोणी शिवी दिली नाही. दिली असती तर बरं झालं असतं, असं केतकीला वाटून गेलं, आणि आपण अजूनही आपल्याला काय बरं वाटेल याचाच विचार करतोय, हेही लक्षात आलं.

बाहेर आल्यावर तिने फोन बघितला. बिडकरांचे सहा फोन येऊन गेले होते. तिने तो पर्समध्ये टाकला. पायरीवर उज्ज्वला उभी होती. जवळून ती टीव्हीवर दिसली त्याहून बारीक होती.

"ताई, मी..." केतकीने सुरुवात केली.

"राहू द्या," उज्ज्वला म्हणाली. "माफीबिफी मला जमायची न्हाई, आन् तुमी मागू बी नका. माझी पोरगी कॉलेजला जायची थांबलीय. बाया माझ्या हातचं पाणी बी घेत न्हाईत. तुमी आत बोलला ते कागदावर आलं. कागद कपाटात जाईल. माझ्या गल्लीत त्यो कोण वाचून दाखवणार?"

केतकीने एकदा बसथांब्याकडे पाहिलं. दोनची बस लागलेली होती.

"कुठली गल्ली?" तिने विचारलं.

उज्ज्वला पुढे आणि ती चार पावलं मागे अशा त्या चालत गेल्या. वळणावरच्या पिठाच्या गिरणीपाशी उज्ज्वला थांबली. "मी म्होरं येत न्हाई. तुमचं तुमी सांगा," म्हणाली आणि गिरणीच्या भिंतीला टेकून उभी राहिली.

पहिल्या दारात एका बाईने निम्मं ऐकलं आणि दार लावून घेतलं. दुसऱ्या घरी ओट्यावर म्हातारे आजोबा होते. त्यांना कमी ऐकू येत होतं. "काय चुकलं म्हनता?" असं त्यांनी तीनदा विचारलं, आणि तीनदा केतकीला गल्लीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्या आवाजात सांगावं लागलं.

"तीन टिंबं, आजोबा! मी तीन टिंबं जास्तीची टाकली!"

"टिंबं?"

"हो!"

"आन् त्यानं मानूस मेलं?"

ते चेष्टा करत नव्हते. त्यांना खरंच समजून घ्यायचं होतं. केतकीने ओट्यावर बसून पहिल्यापासून सांगितलं: पहारा म्हणजे काय, पुस्तिका कोण वाचतं, टिंबांचा अर्थ काय. ऑफिसात हे तिने शेकडो वेळा समजावलं होतं. तिथे ते शास्त्र वाटायचं. इथे एकेक वाक्य तोंडातून निघताना तिला आपण किती थोडक्यासाठी केवढं केलं, ते दिसत गेलं. आजूबाजूच्या दारांत बायका येऊन उभ्या राहिल्या. आत कोणीच गेलं नाही.

सातवं दार पोतदारांचं होतं. तिथे ती उंबऱ्याच्या बाहेरच थांबली. अमोल पोतदार, साथीत गेलेल्या शालनचा नवरा, बॅटऱ्या दुरुस्त करायचा. हात काळे, दाढी वाढलेली. गल्लीतलं सगळं त्याच्या कानावर आधीच आलं असणार. तरी तिने पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. फोन खाली ठेवल्याचं सांगितलं. टिंबांचं सांगितलं. ते दोन शब्द सांगितले. "तुमच्या बायकोच्या मरणाला मी किरकोळ म्हणून लिहिलं," असं म्हणाली आणि मग सांगायला काही उरलं नाही.

अमोल वळून आत गेला. दार उघडंच होतं. आत जावं, निघून जावं की उभं राहावं, केतकीला कळेना, म्हणून ती उभी राहिली. आतून भांड्याचा आवाज आला. तो बाहेर आला तो हातात स्टीलचा पेला घेऊन. दारात आलेल्या माणसाला देतात तसा त्याने तो तिच्यापुढे धरला.

"उकळल्यालं हाय," तो म्हणाला.

केतकीने पेला दोन्ही हातांनी घेतला. पाणी अजून कोमट होतं. थांबून थांबून ती सगळं पाणी प्यायली. तो समोर उभा राहून बघत होता. तिचं पिऊन होईपर्यंत त्याची नजर गल्लीच्या टोकाला गिरणीकडे गेली.

"तितं कोन उभं हाय? उज्ज्वलाकाकू?"

"हो. त्या पुढे यायला..." केतकीला वाक्य पुरं करता आलं नाही.

पायात चपला न घालताच तो उंबरा ओलांडून खाली उतरला आणि भर उन्हात गल्लीतून चालत निघाला. "काकू," त्याने लांबूनच हाक मारली, "ओ काकू, या की घरला." गिरणीच्या भिंतीशी पोपटी साडीचा पदर तोंडाला गेला. दारादारांतल्या बायका त्या दोघांकडे बघू लागल्या.

केतकीकडे आता कोणीच बघत नव्हतं. रिकामा पेला कुठे ठेवावा हे न कळून, तो तसाच हातात धरून ती पोतदारांच्या दारात उभी राहिली.